धागा: कोल्हापुरातून डिजिटल मध्यम लहरींची नोंद कोण कोण ठेवतंय?

मध्यमलहरी
मंडळी, नमस्कार. डीआरएम, म्हणजे मध्यम आणि लघुलहरींवरचं डिजिटल प्रसारण. याच्या नियमित नोंदी ठेवणारं आपल्या जिल्ह्यात कुणी आहे का, हे विचारायला हा धागा काढतोय. ऐकणारे अधूनमधून भेटतात, मोजणारे भेटत नाहीत. आणि माझं ठाम मत आहे की मोजायला कोल्हापूरइतकी चांगली जागा दुसरी नाही.

कारण आपला भूगोल. आपलं आकाशवाणी केंद्र १०२.७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएम. मध्यम लहरींवर सगळ्यात जवळचं सांगली, १२५१ किलोहर्ट्झ, २० किलोवॅट, ॲनालॉग. डिजिटलची सोय असलेले मोठे प्रक्षेपक मात्र आपल्या चहूबाजूंना आहेत. उत्तरेला पुणे ७९२, हवाई अंतर साधारण २०० किलोमीटर. वायव्येला मुंबई १०४४, सुमारे ३००. दक्षिणेला पणजी १२८७, सुमारे १४०. आग्नेयेला धारवाड ७६५, सुमारे १६०. आपण या सगळ्यांच्या काठावर बसलोय. पुण्यात बसून पुण्याचा सिग्नल मोजला तर तो येणारच, त्यातून काय नवीन कळणार? सेवा नेमकी कुठे संपते ते काठावरच्या माणसालाच सांगता येतं.

ॲनालॉगला कान पुरायचे. सिग्नल पडला की खरखर वाढते, तरी बातम्या कळतात. डिजिटलमध्ये हा मधला टप्पाच नाही. एसएनआर (गोंगाटापेक्षा सिग्नल किती वरचढ, त्याचा डेसिबलमधला आकडा) पुरेसा असेल तर एफएमसारखा स्वच्छ आवाज, दोन डेसिबल कमी पडला की तुटक तुकडे, आणखी थोडा कमी झाला की पूर्ण शांतता. त्यामुळे "आज ऐकू आलं नाही" या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. थोडक्यात हुकलं की सिग्नलचा पत्ताच नव्हता? यासाठी आकडा हवा.

माझी मांडणी अशी आहे: पाचगावात गच्चीवर पीव्हीसी पाइपच्या चौकटीवर तांब्याच्या तारेचा लूप अँटेना, खाली आरटीएल-एसडीआरचं व्ही-४ डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर), लॅपटॉपवर एसडीआरचं सॉफ्टवेअर, तिथून व्हर्च्युअल ऑडिओ केबलने आवाज 'ड्रीम'मध्ये. ड्रीम हे जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या तंत्रविद्यापीठात सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्याच्या नोंदींच्या फाइलमध्ये दर मिनिटाला एक ओळ पडते: एसएनआर किती, किती फ्रेम (माहितीचे तुकडे) धड आल्या, आवाजाच्या किती उलगडल्या. डीआरएमची एक फ्रेम ४०० मिलिसेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५०. सिंकच्या रकान्यात १५० दिसलं की ते मिनिट पूर्ण मिळालं. मला तर चालू कार्यक्रमापेक्षा हा रकाना वाचायला जास्त आवडतो.

वॉटरफॉलवर, म्हणजे कुठल्या वारंवारितेवर किती ताकद आहे ते दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, सिग्नल ओळखायला सोपा आहे. ॲनालॉग केंद्राला मधोमध वाहक लहरीची ठळक रेघ असते आणि दोन्ही बाजूंना बोलण्यागाण्याबरोबर हलणारी पिसं. डीआरएमला वाहक रेघ नाही. नऊ-दहा किलोहर्ट्झ रुंदीचा, सपाट माथ्याचा, कडा सरळ कापलेला ठोकळा दिसतो. कार्यक्रमात शांतता असो की शहनाई, ठोकळा तसाच. नीट झूम केलं तर आत तीन बारीक उजळ रेघा सापडतात. या संदर्भासाठीच्या खुणा, ७५०, २२५० आणि ३००० हर्ट्झवरच्या. त्या दिसल्या की ते डीआरएमच, दुसरं काही नाही. आकाशवाणी बऱ्याच ठिकाणी ॲनालॉग आणि डिजिटल एकाच प्रक्षेपकावरून शेजारी शेजारी चालवते, त्यामुळे नेहमीच्या केंद्राच्या बगलेत हा ठोकळा शोधायचा.

कोण कोण आहे, कुठल्या भागात, काय यंत्रणा आहे, लिहा. सगळ्यांनी एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या तर जिल्ह्याचा नकाशा तयार होईल.


शिरोलीकर
भावा, एक नंबर धागा. मी एमआयडीसीत मेंटेनन्सला हाय. घरी व्ही-३ डोंगल पडून हाय, डायरेक्ट सॅम्पलिंगवर लावलं तर सगळीकडं सांगलीच सांगली! ७९२ ला पण सांगली, १०४४ ला पण सांगली. ठोकळा बिकळा काय दिसंना. काय करू?


मध्यमलहरी
शिरोलीकर, हा डोंगलचा दोष नाही, आपल्या जागेचा परिणाम आहे. सांगली जेमतेम ४० किलोमीटरवर. व्ही-३ मध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगला अँटेना जवळपास थेट सिग्नलचे आकडे करणाऱ्या आठ बिटांच्या कन्व्हर्टरला जोडला जातो आणि गेन कमी करायची सोयच नसते. एक दांडगा सिग्नल आला की कन्व्हर्टर भरून जातो आणि त्याची भुतं पट्टाभर उमटतात. लांब तार लावली असेल तर आधी ती काढा.

लूप बांधा आणि फिरवा. लहान लूप स्वतःच्या प्रतलाच्या, म्हणजे चौकटीच्या कडांच्या दिशेने सगळ्यात चांगला ऐकतो आणि त्याच्या काटकोनात जवळजवळ बहिरा असतो. आता आपलं नशीब बघा. कोल्हापूरहून सांगली साधारण ६५ अंशांवर (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजून), पूर्व-ईशान्येला. लूपचं प्रतल वायव्य-उत्तर ते आग्नेय-दक्षिण असं, सुमारे ३३५ अंशांवर धरलं की सांगली बरोबर बहिऱ्या बाजूला जाते. त्याच रेषेत मुंबई ३३२ वर, पुणे ३४९ वर, आणि पाठीमागच्या टोकाला धारवाड १४९ वर. एका दिशेत तीन केंद्रं मिळतात आणि नको असलेलं एक जातं. पणजी फक्त तिरकी पडते, तिच्यासाठी लूप उत्तर-दक्षिण करावा लागतो.

हाताने हळू फिरवा. सांगली पडायची जागा अगदी अरुंद असते, दोन-तीन अंश इकडेतिकडे झालं की परत उसळते.


निवृत्त_तंत्रज्ञ
धागा वाचून आनंद झाला. माझी सगळी नोकरी प्रक्षेपणाच्या क्षेत्रात गेली, त्यामुळे थोडी भर घालतो.

डीआरएमची संघटना १९९८ साली चीनमधल्या ग्वांगझू इथे स्थापन झाली आणि नियमित प्रसारणाची औपचारिक सुरुवात जून २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेच्या वेळी झाली. आपल्याकडे दिल्लीजवळच्या खामपूरच्या २५० किलोवॅट लघुलहरी प्रक्षेपकावरून २००९ मध्ये डीआरएम सुरू झालं. पुढे देशभर मध्यम लहरींचे ३५ आणि लघुलहरींचे ४ प्रक्षेपक डिजिटल झाले. जगात कुठल्याच देशाने मध्यम लहरींवर एवढा मोठा पसारा उभा केलेला नाही, हे आपल्या लोकांना माहीत नसतं.

मध्यमलहरी यांनी "काठ" म्हटलं ते तांत्रिकदृष्ट्याही बरोबर आहे. ॲनालॉग आणि डिजिटल सोबत चालतात तेव्हा प्रक्षेपकाची बहुतेक ताकद ॲनालॉगला जाते, डिजिटल ठोकळ्याच्या वाट्याला पुष्कळ कमी येते. शिवाय आपला दख्खनचा कातळ भूलहरींना, म्हणजे जमिनीलगत जाणाऱ्या लहरींना, चांगला नाही. ओली, खारट जमीन किंवा समुद्र असेल तर भूलहर लांब जाते, कोरड्या खडकावरून लवकर विरते. १०० किलोवॅटचं ॲनालॉग पुणे कोल्हापुरात दिवसा सहज ऐकू येतं, म्हणून डिजिटलही तसंच येईल असं धरून चालू नये. ६४ क्वाममध्ये (क्वाम म्हणजे माहिती लहरीवर भरायची पद्धत, आकडा मोठा तितकी दाट) स्वच्छ आवाजासाठी साधारण १५ डेसिबलच्या आसपास एसएनआर लागतो. तुमच्या नोंदीत दुपारी किती येतो?


मध्यमलहरी
काका, दुपारी घरी १० ते १२ च्या दरम्यान. ड्रीमच्या दिव्यांत फ्रेम सिंक पक्का, एफएसी हिरवा, एसडीसी मधूनमधून पिवळा, आवाज नाही. पण लाईट गेली की गंमत बघण्यासारखी असते. लॅपटॉप बॅटरीवर असतो, गल्लीतले एलईडी दिवे, टीव्ही, चार्जर एका फटक्यात गप्प होतात आणि वॉटरफॉलचा तळ एकदम काळा पडतो. तीच अँटेना, तोच सिग्नल, एसएनआर थेट १६-१७ वर. एसडीसी हिरवा, एमएससी हिरवा, आणि काही सेकंदांत स्पीकरमधून स्वच्छ मराठी निवेदन. म्हणजे पुण्याचा सिग्नल कोल्हापुरात येतोय. त्याला झाकतोय तो आपल्या घराघरातला विजेचा गोंगाट.

म्हणून प्रत्येकाने नोंदीत एक रकाना वाढवावा: लाईट होती की नव्हती.


स्वराली_ऐकते
मला यातलं फारसं कळत नाही, म्हणून विचारते. एफएसी, एसडीसी, एमएससी हे तीन दिवे वेगवेगळे का आहेत? सिग्नल एकच आहे ना?


मध्यमलहरी
स्वरालीताई, सिग्नल एकच, पण त्याच्या आत तीन प्रवाह आहेत आणि तिघांची मजबुती वेगळी. एफएसी सगळ्यात काटक. हा कुठल्या मोडचा सिग्नल आहे, किती रुंद, आत किती सेवा, एवढंच तो सांगतो, पण अगदी कमजोर सिग्नलमध्येही वाचला जातो. एसडीसीमधून केंद्राचं नाव आणि सेवेचं वर्णन मिळतं. एमएससी म्हणजे प्रत्यक्ष माल, आवाज आणि मजकूर. तो सगळ्यात दाट भरलेला असतो, म्हणून सगळ्यात आधी तोच ढासळतो.

याचा नोंदीसाठी फायदा असा की आवाज नसला तरी बरंच काही हाती लागतं. एफएसी आणि एसडीसी दोन्ही लागले आणि पडद्यावर केंद्राचं नाव उमटलं, की ती पक्की ओळख. "आवाज नाही" म्हणून ती नोंद टाकून देऊ नका. काठ शोधायला अशाच नोंदी लागतात.


गाडीवाला_नऊ
नवीन गाडीच्या म्युझिक सिस्टिममध्ये डीआरएम आलंय. बऱ्याच कंपन्या आता कारखान्यातूनच देतात, पण शोरूमवाले सांगत नाहीत आणि घेणाऱ्याला ठाऊक नसतं. मी कामानिमित्त कोल्हापूर-पुणे सारखा करतो. माझं निरीक्षण: कोल्हापुरात गाडीत पुण्याचं डिजिटल लागत नाही. कराडच्या पुढे तुटक सुरू होतं, सातारा आलं की पक्कं. मोठ्या हायटेन्शन लाइनखालून गेलं की कट. ॲनालॉग तिथे फक्त घरघरतं, डिजिटल पूर्ण बंद पडतं आणि लाइन मागे पडली की दोन-तीन सेकंदांनी परत येतं.


निवृत्त_तंत्रज्ञ
दोन-तीन सेकंदांचं कारण इंटरलीव्हिंग. एखादा क्षण बिघडला तर सगळा तोटा एकाच जागी बसू नये म्हणून माहिती काळात पसरवून पाठवतात. लांब इंटरलीव्हिंगमध्ये ती दोन सेकंदांहून अधिक काळात पसरलेली असते. परत जुळवायला तेवढा वेळ जाणारच. केंद्र बदलल्यावर लगेच आवाज का येत नाही, याचंही हेच कारण.

गाडीवाला यांची नोंद मोलाची आहे. कराड ते सातारा या पट्ट्यात नक्की कुठल्या गावापासून अखंड आवाज मिळतो ते टिपलंत, तर काठाची एक बाजू निश्चित होईल. पाऊस पडून गेल्यावर आणि एप्रिल-मेमध्ये, दोन्ही वेळा बघा. जमीन ओली असताना फरक पडायला हवा.


शिरोलीकर
लूप बांधला! बांबूचं क्रॉस केलं, वायरचे वेढे, खाली बेरिंग लावून फिरवता येतोय. मध्यमलहरीदादा म्हणाला तसं सांगली खरंच पडली राव. ७९२ च्या बाजूला ठोकळा दिसला! तीन रेघा पण बघितल्या. पण ड्रीममध्ये एक पण दिवा लागंना. आयओ हिरवा, बाकी सगळं लाल.


मध्यमलहरी
अभिनंदन! बांबू आणि बेरिंगची कल्पना मस्त आहे, फोटो टाका.

दिवे न लागण्याची दोन कारणं नेहमीची. पहिलं, एसडीआर सॉफ्टवेअरमध्ये फिल्टरची रुंदी आवाजापुरती अरुंद असेल. पूर्ण ठोकळा पुढे जायला हवा, म्हणजे दहा किलोहर्ट्झ तरी मोकळे ठेवा, आणि नॉइज रिडक्शन, नॉच, एजीसीच्या करामती सगळ्या बंद. कानाला सुखावह वाटावं म्हणून केलेलं काहीही डिजिटलला मारक असतं. दुसरं, स्पेक्ट्रम उलटा जात असेल. ड्रीममध्ये 'फ्लिप इनपुट स्पेक्ट्रम'चा पर्याय आहे, तो टिकमार्क करून बघा.

आणि दिवे हिरवे होऊन, नाव येऊनही आवाज नसेल, तर ड्रीमची आवृत्ती तपासा. नव्या सेवा एक्सएचई-एएसी या कोडेकवर (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीवर) आहेत, तो जुन्या ड्रीमला उलगडत नाही. २.२ आवृत्ती आणि तिच्यासोबत एफडीके-एएसीची लायब्ररी हवी.


पुणेरी_कंपन
पुण्यातून हजर. तुम्हाला माझा वेगळा उपयोग होईल. इथे एसएनआर कायम वरच असतो, त्यामुळे प्रक्षेपक चालू आहे की नाही, डिजिटल चालू आहे की फक्त ॲनालॉग, कुठला मोड, किती क्वाम, हे मी खात्रीने सांगू शकतो. तुमच्याकडे ठोकळा गायब झाला तर तो वातावरणामुळे की मुळातच बंद, हे ठरवायला इथली नोंद शेजारी ठेवा. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ एकेक ओळ टाकत जाईन.


मध्यमलहरी
हे फार मोठं काम झालं. संदर्भ केंद्राशिवाय काठावरच्या नोंदीला अर्थ नाही. मनापासून आभार.


पंचगंगाकाठ
मी शिक्षिका आहे. शाळा नदीच्या बाजूला, घरही. मला एक थेट प्रश्न आहे. एवढं सगळं मोजून सामान्य माणसाला काय उपयोग? मोबाईलवर सगळं मिळतं, अशी आमच्या मुलांची समजूत आहे. पण २०१९ च्या आणि पुन्हा २०२१ च्या पुरात आमच्या भागात लाईट नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली हे कळायला मार्ग नव्हता. इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर, हे आमच्या पाचवीच्या पोरांना पाठ आहे. आकडा मात्र तोंडोतोंडी यायचा आणि प्रत्येकाचा वेगळा. अशा वेळी हा रेडिओ कामाला येईल का?


मध्यमलहरी
ताई, माझ्यासाठी हा छंद इथूनच गंभीर होतो.

डीआरएममध्ये आपत्कालीन इशाऱ्याची सोय प्रमाणातच अंतर्भूत आहे. प्रक्षेपणातून इशाऱ्याचा संकेत गेला की ती सोय असलेला संच, दुसरं काही लावलेलं असलं तरी, आपोआप इशाऱ्याच्या सेवेवर जातो. सोबत मजकूरही पाठवता येतो, एकाच वेळी अनेक भाषांत, आणि तो पडद्यावर सावकाश वाचता येतो. बंधाऱ्याची पातळी, बंद रस्ते, निवारा केंद्रांची यादी अशा गोष्टी कानाने ऐकताना सुटतात, मजकुरात सुटत नाहीत. आणि प्रक्षेपक दोनशे किलोमीटरवर असेल तर तो आपल्या पुरात बुडत नाही. मोबाईलचा टॉवर गल्लीतला असतो, गल्लीबरोबर त्याचीही लाईट जाते.

पण सोय असून भागत नाही. तो सिग्नल चिखलीत, आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यात, भर पावसात, दिवसा, साध्या संचावर पुरतो का? मी नोंदी ठेवतो त्या याच प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून. आज हाताशी असलेल्या आकड्यांवरून सांगतो: लाईट असताना शहरात पुरत नाही. लाईट गेल्यावर पुरतो. पुरात लाईट जातेच, म्हणजे ज्या वेळी गरज आहे नेमक्या त्याच वेळी सिग्नल सुधारतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि हेच मला अनेकांच्या नोंदींतून पक्कं करायचं आहे.


पंचगंगाकाठ
मग शाळेची गच्ची वापरा. मुख्याध्यापकांशी मी बोलते. नववीच्या मुलांना नोंदी ठेवायला शिकवलंत तर ती नेमाने ठेवतील.


निवृत्त_तंत्रज्ञ
ताईंचा प्रस्ताव उत्तम. एक व्यावहारिक मुद्दा: संचाची किंमत. डीआरएमचे स्वतंत्र संच बाजारात थोडे आहेत आणि साध्या ट्रान्झिस्टरच्या मानाने महाग. पूरग्रस्त घरात तो असण्याची शक्यता आज कमी आहे. गाड्यांमधून तो वाढतो आहे हे खरं, पण पुरात गाडी आधी उंचावर नेऊन लावतात. म्हणून सांगलीच्या ॲनालॉग १२५१ चं महत्त्व मी कमी मानणार नाही. मुलांना दोन्हीच्या नोंदी घ्यायला सांगा.

आता तांत्रिक. सूर्यास्ताच्या सुमारास पुण्याच्या ठोकळ्यावर तिरके काळे पट्टे सरकताना दिसतात का?


मध्यमलहरी
दिसतात! दोन-तीन पट्टे, एका कडेकडून दुसरीकडे हळूहळू सरकतात. ते वाढले की एसएनआर चांगला असूनही आवाज तुटतो. मी त्याला स्थानिक गोंगाट समजत नाही, कारण तो लाईट नसतानाही दिसतो. कारण सांगाल का?


निवृत्त_तंत्रज्ञ
दिवसा आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा डी थर मध्यम लहरी शोषून घेतो, म्हणून तुमच्याकडे फक्त भूलहर येते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेली आकाशलहरही पोहोचते. दोघींची वाट वेगळी. पुणे-कोल्हापूर जमिनीवरून सुमारे २०५ किलोमीटर. साधारण १०५ किलोमीटर उंचीच्या ई थरावरून आलं तर सुमारे २९५. फरक ९० किलोमीटरचा, म्हणजे ०.३ मिलिसेकंद. दोन लहरी एवढ्या अंतराने आल्या की जवळपास दर ३.३ किलोहर्ट्झला एक अशा जागी त्या एकमेकींना खोडतात. नऊ-दहा किलोहर्ट्झच्या ठोकळ्यात असे दोन-तीन खड्डे बसतात. तुमचे काळे पट्टे ते हेच. थराची उंची बदलत राहते म्हणून ते सरकतात.

डीआरएमच्या ए मोडमध्ये दोन चिन्हांमध्ये (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या घासांमध्ये) २.६६ मिलिसेकंदांचं संरक्षक अंतर आहे आणि बी मोडमध्ये ५.३३. ०.३ त्यात आरामात बसतं, त्यामुळे एक चिन्ह दुसऱ्यात मिसळत नाही. पण ठोकळा ज्या अनेक बारीक वाहक लहरींचा बनतो, त्यातले खड्ड्यातले वाहक गेले ते गेले. दोन्ही लहरी सारख्या ताकदीच्या झाल्या की खड्डे सगळ्यात खोल. तुमचं शहर नेमकं अशा अंतरावर आहे की संध्याकाळी ही बरोबरी होते. पुण्यात भूलहर वरचढ, चेन्नईचं कोल्हापुरात ऐकाल तर आकाशलहर वरचढ. तुम्ही मधल्या, सगळ्यात कठीण पट्ट्यात आहात.

ड्रीममध्ये चॅनेलच्या आवेग प्रतिसादाचा, म्हणजे सिग्नल किती वाटांनी आणि किती उशिराने येतो ते दाखवणारा आलेख उघडा. दुपारी एकच शिखर दिसेल, सूर्यास्तानंतर त्याच्या उजवीकडे दुसरं उगवेल. दोघांमधलं अंतर वाचा आणि मला कळवा.


मध्यमलहरी
काका, काल संध्याकाळी बघितलं. सहाच्या सुमारास एकच शिखर. अंधार पडला तसं दुसरं हळूहळू वर आलं, अंतर ०.३ च्या जवळपास. तुम्ही कागदावर काढलेलं पडद्यावर जसंच्या तसं दिसलं. थोड्या वेळाने आणखी लांब, एक मिलिसेकंदाच्या पलीकडे, तिसरं बारीक शिखरही आलं. तो वरचा एफ थर असावा?


निवृत्त_तंत्रज्ञ
बहुधा तोच. २८० किलोमीटर उंची धरली तर फरक सुमारे १.३ मिलिसेकंद येतो. फारच सुंदर नोंद. स्क्रीनशॉट जपून ठेवा.


दर्यावर्दी
मालवणातून. पणजीचं १२८७ माझ्याकडे जवळजवळ सगळं समुद्रावरून येतं. अंतर ७५ किलोमीटर धरा. भरदुपारी एसएनआर २० च्या वर, घरात ट्यूबलाइट चालू असतानासुद्धा. तुमचा कातळ आणि आमचं खारं पाणी यातला फरक केवढा ते बघा. रात्री मात्र याच वारंवारितेवर कुठलंतरी लांबचं ॲनालॉग येऊन बसतं आणि ठोकळ्याच्या आत एक सरळ उभी रेघ दिसते. त्यावर उपाय आहे का?


मध्यमलहरी
ड्रीममध्ये अडथळा कमी करण्यासाठी बँडपास फिल्टर आणि मॉडिफाइड मेट्रिक असे दोन पर्याय आहेत. दुसरा लावला की त्या रेघेखालच्या वाहकांवर ते कमी विश्वास ठेवतं आणि बाकीच्यांवर भिस्त ठेवून उलगडा करतं. एकच रेघ असेल तर फरक जाणवतो. लूप असेल तर फिरवून ती रेघ पाडता येते का तेही बघा. आणि तुमची नोंद पणजीची दिवसाची आणि रात्रीची वेगवेगळी ठेवा, दोन्ही एकत्र केली तर सरासरीतून काहीच कळणार नाही.


स्वराली_ऐकते
लघुलहरींवर पण डीआरएम असतं ना? ते इथे मिळतं का?


मध्यमलहरी
मिळतं, आणि सुरुवातीला उत्साह वाढवायला छान. चीनचं राष्ट्रीय रेडिओ, न्यूझीलंडची पॅसिफिक सेवा, ग्वामचं केटीडब्ल्यूआर, रुमानिया, शिवाय आपलीच आकाशवाणी. ऋतूप्रमाणे वेळा आणि वारंवारिता बदलतात. यंत्रणा नसेल तर किवी-एसडीआर बघा. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले रिसीव्हर इंटरनेटवर खुले ठेवलेत, त्यात डीआरएमचा उलगडा ब्राउझरमध्येच होतो. ठोकळा कसा दिसतो, दिवे कसे लागतात, हे घरबसल्या शिकायला उत्तम. पण कोल्हापूरच्या सिग्नलची नोंद कोल्हापुरातूनच होणार.

अमेरिकेत वेगळंच तंत्र आहे, एचडी रेडिओचं. मेरीलँडमधल्या डब्ल्यूडब्ल्यूएफडी या ८२० किलोहर्ट्झच्या केंद्राने २०१८ मध्ये ॲनालॉग पूर्ण बंद करून निव्वळ डिजिटल चालवून बघितलं आणि तिथल्या नियामकाने २०२० मध्ये सगळ्यांना तशी ऐच्छिक परवानगी दिली. ते आपल्या ड्रीमला वाचता येत नाही, पण काठ शोधायचा प्रश्न तिथेही तोच आहे.


शिरोलीकर
दादा, फ्लिप केल्यावर दिवे लागले!! आकाशवाणी नाव आलं पडद्यावर. आवाज नाय अजून. ही माझी पहिली ओळ, बरोबर हाय का सांगा:
शिरोली, ७९२ च्या बाजूचा ठोकळा, दुपारी १.१०, एसएनआर ११.४, सिंक १५०, एफएसी हिरवा, एसडीसी हिरवा, आवाज ०, लाईट होती, लूप ३३५.


मध्यमलहरी
अगदी बरोबर, आणि झकास नोंद आहे. दोन गोष्टी जोडा: मोड आणि क्वाम, हे एफएसी लागला की ड्रीमच सांगतं. आणि जमीन ओली होती की कोरडी. बाकी सगळ्यांनी शिरोलीकरांचीच ओळ नमुना म्हणून वापरावी.

मसाई पठारावर एकदा सगळ्यांनी बॅटरीवर चालणारी यंत्रणा घेऊन जाऊया. तिथे वीजच नाही, म्हणजे गोंगाट वजा केल्यावर पुणे, धारवाड आणि पणजीचा निव्वळ सिग्नल किती ते एका दुपारी मोजता येईल. सूर्यास्तापर्यंत थांबलो तर काकांची दोन शिखरंही सगळ्यांना बघता येतील. गाडीवाला, तुमची गाडी आणाल का? साधा संच म्हणून तिचीच तुलना करायची आहे.


गाडीवाला_नऊ
आणतो. पठारावर इंजिन बंद ठेवून आणि चालू ठेवून दोन्ही बघू, इग्निशनचा गोंगाट किती ते पण कळेल. तारीख टाका.


पंचगंगाकाठ
शाळेची परवानगी मिळाली. गच्चीवर कायमचा लूप चालेल, फक्त पत्र्याच्या शेडपासून लांब कुठे लावायचा ते येऊन दाखवा. मुलांनी वहीत रकाने आखून ठेवलेत, लाईटचा रकाना पहिला.